रिसर्चवाल्यांचा दिवस जातो कुठे, आणि आवडीनिवडींचं पुढे काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा की फिजिक्समधे पीएचडी करणारी पोरं दिवसभर नेमकं करतात काय, त्यांना फिजिक्स सोडून दुसरं काही आवडतं का, आणि आवडत असलं तरी वेळ मिळतो का. विचारणारी एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, शाळेपासून ब्लॅक होलचं वेड आहे असं तिने लिहिलंय, म्हणून सरळ 'तू'च म्हणते, राग मानू नकोस. मी एक्सपेरिमेंटवाली. लो टेंपरेचरचं काम, म्हणजे वस्तू थंड करायच्या आणि त्यांचा रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा विरोध, कसा बदलतो ते बघायचं. अठरा-एकोणीस वर्षं झाली, आता माझ्या हाताखालीही पोरं आहेत, त्यामुळे दोन्ही बाजू बघून झाल्यात.

आधी वेडाबद्दल बोलू. माझंही तेच होतं, विश्व कसं सुरू झालं, काळ म्हणजे काय, असले प्रश्न घेऊन मी आले आणि पीएचडीचे पहिले चार महिने एका चेंबरमधली गळती शोधण्यात गेले. गंमत नाही करत. व्हॅक्यूम चेंबरला एक यंत्र जोडायचं ज्याला फक्त हेलियमचा वास येतो असं समज, आणि बाहेरून एकेका जॉइंटवर हेलियमची बारीक फुंकर मारत जायचं, फट असेल तिथून तो आत शिरतो आणि यंत्रावरचा आकडा उडी मारतो. हेलियम हलका, वर चढतो, म्हणून सुरुवात वरच्या जॉइंटपासून करायची, नाहीतर खाली मारलेली फुंकर वरच्या फटीतून आत जाते आणि तू खालचाच जॉइंट दहा वेळा उघडून बसवत राहतेस (मी राहिले). आमची गळती तर त्याहून खट्याळ होती, नॉर्मल तापमानाला सगळं घट्ट, लिक्विड नायट्रोजनने ७७ केल्विनपर्यंत (उणे १९६ सेल्सियस) थंड केलं की उघडायची, परत गरम केलं की गायब. दोन वेगवेगळे धातू थंडीत कमीजास्त आकसतात आणि मधल्या सीलला सुटायला तेवढं पुरतं. शेवटी सीलसाठी इंडियम या मऊ धातूची तार बसवायची खाचच नीट नव्हती असं निघालं.

आता यात ब्लॅक होल कुठे आहे? कुठेच नाही. पण ती खाच सापडली त्या दिवशी मला जो आनंद झाला तो तोपर्यंत ब्लॅक होलवर वाचलेल्या कुठल्याही पानाने दिला नव्हता. मला वाटतं तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे, रिसर्चमधे आवड मरत नाही पण लहान होत जाते. विश्वापासून सुरू होते आणि एका फिल्मच्या, म्हणजे पदार्थाच्या पातळ थराच्या, एका कोपऱ्यापर्यंत येते. काहींना हे आक्रसणं म्हणजे फसवणूक वाटते, ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाला सोडतात, आणि त्यात काही वाईट नाही, उलट माझ्या माहितीतली अशी दोघंतिघं बाहेर पडून अगदी मजेत आहेत.

दिवस कसा जातो ते सांगते. सकाळी आल्या आल्या बहुतेकजण आर्काइव्ह (arXiv नावाची वेबसाइट) उघडतात, १९९१ पासून चालू असलेला हा प्रकार, छापून यायच्या आधीच लोक आपले पेपर तिथे टाकतात. शनिवार-रविवारची खेप सोडली तर रोज नवी यादी. नावं चाळायची, आपलंच काम कुणी आधी टाकलंय का ते धडधडत्या छातीने बघायचं (टाकलं असेल तर त्याला स्कूप होणं म्हणतात आणि तो दिवस वाया), एखादा पेपर नंतर वाचू म्हणून उघडून ठेवायचा, तो महिनाभर तसाच उघडा राहतो. मग लॅब. पंप रात्रभर चालला का, प्रेशर किती खाली गेलं, नायट्रोजन भरायचा. नायट्रोजन ओततानाचा तो पांढरा धूर बघायला आलेल्या पाहुण्यांना फार आवडतो, पण एक लिटर लिक्विडचा साधारण ७०० लिटर गॅस होतो आणि बंद खोलीत तो गपचूप हवेतला ऑक्सिजन हुसकावून लावतो, वास नाही रंग नाही, त्यामुळे भिंतीवरचा ऑक्सिजन अलार्म चालू आहे ना हे बघितल्याशिवाय डबा उघडायचा नाही. हे मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगते, फिजिक्स नंतर.

मग सॅम्पल. नखाएवढा तुकडा, त्यावर चार तारा लावायच्या, केसापेक्षा बारीक सोन्याच्या, सिल्व्हर पेस्टच्या ठिपक्याने. दोन का नाही? कारण दोनच तारा लावल्या तर तारेचा आणि त्या ठिपक्याचा रेझिस्टन्सही त्यात मोजला जातो, म्हणून बाहेरच्या दोन तारांतून करंट सोडायचा आणि आतल्या दोघींवर व्होल्टेज बघायचं. मायक्रोस्कोपखाली श्वास रोखून तासभर हे करायचं आणि थंड करताना १२० केल्विनला एक ठिपका तडकतो. झालं, गरम करा, उघडा, परत लावा. सुरुवातीला रडू येतं, नंतर येत नाही, नंतर एक दिवस लक्षात येतं की आपल्याला हातानं हे काम चांगलं जमतं आणि दुसऱ्यांची सॅम्पल लावून द्यायला आपल्याला बोलावतात. तेही एक सुखच असतं.

मोजताना सिग्नल एवढा छोटा असतो की भिंतीतल्या विजेची गुणगुण त्याला गिळून टाकते, म्हणून लॉक-इन ॲम्प्लिफायर वापरतात. आपण ठरवलेल्या फ्रीक्वेन्सीनेच सिग्नल हलवायचा आणि फक्त तेवढीच फ्रीक्वेन्सी ऐकायची. भिंतीतली वीज ५० किंवा ६० हर्ट्झची असते, म्हणून त्यांच्या पटीतली फ्रीक्वेन्सी कुणी घेत नाही, १७ च्या आसपासची घेतात. प्रत्येक लॅबचा आपला एक लाडका आकडा असतो आणि तो का, हे बहुतेकांना माहीत नसतं, आधीच्या सिनियरने ठेवला म्हणून ठेवलेला.

एक रात्र जरा सविस्तर सांगते, कारण तरुण रिसर्चरचं आयुष्य कसं असतं हे मला त्याहून नीट सांगता येणार नाही. दुसरं वर्ष. ऑक्साइडची एक फिल्म, खोलीच्या तापमानापासून ७७ केल्विनपर्यंत थंड करत रेझिस्टन्स मोजायचा, मग परत गरम करत मोजायचा. पहाटेचे तीन वाजून गेलेले. स्क्रीनवर थंड करतानाची लाइन निळी, गरम करतानाची लाल, आणि साधारण १५० केल्विनजवळ दोघी एकमेकींवर बसेनात. मधे तीन केल्विनची फट. आता अशी फट म्हणजे हिस्टेरिसिस, आणि हिस्टेरिसिस म्हणजे पदार्थ आतून रूप बदलतोय, आणि त्या पदार्थात तसं कुणी सांगितलेलं नव्हतं. मी खुर्चीतून उठले, कॉरिडॉरमधे दोन फेऱ्या मारल्या, परत येऊन बघितलं, फट होतीच. लॉगबुकमधे वेळ घालून 'हिस्टेरिसिस' लिहिलं आणि पुढे तीन उद्गारचिन्हं. मनातल्या मनात पेपरचं टायटलसुद्धा ठरलं. सकाळी गाईडना ग्राफ दाखवला. त्यांनी चष्मा वर केला, ग्राफकडे बघितलं, आणि एवढंच विचारलं, "रॅम्प किती ठेवला होतास?"

रॅम्प म्हणजे तापमान किती वेगाने बदलायचं ते. मी मिनिटाला तीन केल्विन ठेवला होता, कारण तसं सव्वा तासात खाली पोचता येतं. गाईड म्हणाले एक करून बघ. एका केल्विनने खाली जायला पावणेचार तास, वर यायला पावणेचार. बसले. फट तीनाची एक झाली. मग अर्धा केल्विन, एकेका बाजूला साडेसात तास, फटही अर्ध्यावर. म्हणजे पदार्थाचा काहीच संबंध नव्हता गं, थर्मामीटर होता खाली तांब्याच्या ठोकळ्यात आणि फिल्म वर ग्रीसवर चिकटवलेली, तांबं थंड झालं तरी फिल्म अर्धं मिनिट मागे राहत होती, थंड करताना फिल्म थोडी गरम, गरम करताना थोडी थंड, आणि मी मोजत होते तांब्याचं तापमान. फट खरंतर सगळ्याच ग्राफमधे होती, १५० जवळ रेझिस्टन्स झपाट्याने बदलतो म्हणून तिथेच डोळ्यात भरत होती. खरा हिस्टेरिसिस असता तर रॅम्प हळू केल्यावर असा हिशोबात वितळून गेला नसता.

त्या दिवशी खूप वाईट वाटलं, पण मला विचारशील तर पीएचडीत मी जे शिकले त्यातलं निम्मं त्या एका प्रश्नात होतं. आणि हे फक्त दुसऱ्या वर्षाच्या पोरींचं होतं असं समजू नकोस. २०११ मधे न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण प्रकाशाच्याही ६० नॅनोसेकंद आधी पोचले अशी जगभर बातमी झाली, जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेपासून इटलीतल्या डोंगराखालच्या डिटेक्टरपर्यंत ७३० किलोमीटर, मोठमोठी माणसं, महिनोन् महिने तपासणी, आणि पुढच्या वर्षी निघालं काय तर एका फायबर केबलचा कनेक्टर पूर्ण घट्ट बसला नव्हता (घड्याळातही एक चूक होती, ती वेगळी). माझ्यामते त्या लोकांनी लाज वाटण्यासारखं काही केलं नाही, आम्हाला चूक सापडत नाहीये तुम्हीही बघा असंच त्यांनी म्हटलं होतं. हेडलाइनवाल्यांनी काय केलं तो भाग वेगळा.

पण याची दुसरी बाजूही आहे, सगळंच कचरा म्हणून फेकलं तरी चालत नाही. जोसेलिन बेल यांचं उदाहरण मी मुलांना नेहमी देते. १९६७, वय २४, पीएचडी चालू, जो रेडिओ टेलिस्कोप वापरायचा त्याचे खांब आणि तारा उभारण्यातही त्या होत्या. कागदाच्या पट्टीवर पेनने रेघ यायची, रोज साधारण ३० मीटर कागद, तो डोळ्यांनी बघायचा, कॉम्प्युटर नाही. त्यात काही मिलिमीटरचा एक विचित्र चट्टा. गाडीच्या इंजिनामुळे येणारा गोंधळ कसा दिसतो, दूरचा रेडिओ स्रोत लुकलुकल्यावर कसा दिसतो हे त्यांना पाठ झालं होतं आणि हा चट्टा त्यातला कुठलाच नव्हता. १.३४ सेकंदाला एक ठोका, तो पहिला पल्सार, म्हणजे गरगर फिरत ठरावीक वेळाने रेडिओचे ठोके देणारा तारा. आता हे हुशारीपेक्षा सवयीचं काम जास्त आहे बघ, शेकडो मीटर कंटाळवाणा कागद मनापासून बघितला म्हणून तो चट्टा वेगळा दिसला. नोबेल १९७४ मधे त्यांच्या गाईडना मिळालं, त्यांना नाही, यावर अजून वाद होतात.

थिअरीवाल्यांचं मला बाहेरून जेवढं दिसतं तेवढं सांगते. त्यांना गळती नसते पण त्यांचं मायनस चिन्ह हरवतं. माझी एक मैत्रीण सात आठवडे दोनाच्या एका गुणकाच्या मागे होती, तो निघाला पान तीनवर. फळ्यासमोर दोघंतिघं उभी, कुणीच बोलत नाही, बाहेरून बघणाऱ्याला वाटतं भांडण झालंय. कॉम्प्युटेशनवाले क्लस्टरवर जॉब टाकतात, तो दोन दिवस रांगेत उभा राहतो आणि चालू झाल्यावर चौथ्या मिनिटाला कुठलीतरी फाइल नाही म्हणून मरतो. आणि पार्टिकलवाले म्हणजे वेगळंच जग, २०१५ मधे हिग्ज नावाच्या कणाच्या वस्तुमानावर दोन गटांनी मिळून जो पेपर काढला त्यावर ५,१५४ लेखक होते, ३३ पानांत नऊ पानं मजकूर आणि बाकी नावंगावं! तिथे तुझं काम म्हणजे एका डिटेक्टरच्या एका भागाचं कॅलिब्रेशन असू शकतं. काहींना इतक्या मोठ्या दिंडीत चालायला आवडतं, मला जीव गुदमरेल.

सगळीकडे सारखं काय असेल तर कोड आणि लिखाण. पायथन येणं आता धरूनच चालतात. पेपर लिहायला आपल्याला वाटतं पंधरा दिवस, लागतात चार-सहा महिने, मग रेफरी, म्हणजे छापण्याआधी पेपर तपासणारे, एकजण म्हणतो छान आणि दुसरा तीन पानं प्रश्न पाठवतो, त्यातले दोन बावळट वाटतात आणि एक असा असतो की पोटात गोळा येतो कारण तो बरोबर असतो.

आता आवडीनिवडींकडे. वेळ मिळतो का, तर मिळतो, पण तो नीट कापलेल्या तुकड्यांत येत नाही, सॅम्पल थंड होतंय तोवर चार तास रिकामे आणि मग सलग अठरा तास हलता येत नाही असं असतं. त्यामुळे 'सवड मिळाली की करू' वाल्या आवडी पहिल्या वर्षातच वाहून जातात. मी गायचे. दीड-दोन वर्षं तंबोऱ्याला हात लावला नाही, रोज वाटायचं उद्या. परत सुरू झालं ते आमच्या एका ग्रुपने गुरुवारी संध्याकाळी सात ही वेळ पक्की केली म्हणून आणि मी गेले नाही तर बाकी चौघी खोळंबायच्या म्हणून. एकट्याच्या इच्छाशक्तीवर मी तरी फार भरवसा ठेवणार नाही, दुसरी माणसं वाट बघत असली की पाय निघतात. आणि ती माणसं फिजिक्सवाली नसली तर दुधात साखर, कारण तुझा सॅम्पलवरचा ठिपका तडकला याचं त्यांना काहीही पडलेलं नसतं.

छंद आणि काम यांची भिंत पातळ असते हेही खरं. रामन यांना वाद्यांच्या आवाजाचा नाद होता, १९२० मधे त्यांनी सहकाऱ्यासोबत 'नेचर'मधे तबला-मृदंगावर लिहिलं, साध्या ताणलेल्या चामड्याचे वरचे सूर मूळ सुराच्या पटीत नसतात म्हणून ते नुसतं धप्प वाजतं, पण मधे शाईचा थर दिला की ते सूर जवळजवळ पटीत येतात आणि चामडं गाऊ लागतं. हे मला कळलं त्यानंतर कितीतरी दिवस मी गाण्यात लक्ष द्यायचं सोडून तबल्याच्या शाईकडेच बघत बसायचे, त्यामुळे भिंत पातळ असणं नेहमीच बरं असं नाही. सत्येंद्रनाथ बोस एसराज हे तंतुवाद्य वाजवायचे. आणि उलट्या दिशेचं उदाहरण म्हणजे ब्रायन मे, क्वीन बँडचा गिटारवाला, सूर्याभोवतीच्या धुळीवर पीएचडी करत होता, बँड चालला म्हणून सत्तरच्या दशकात अर्धवट सोडली आणि २००७ मधे येऊन पूर्ण केली. तुझा गाईड एवढा वाट बघेल असं मात्र धरू नकोस.

पीएचडीनंतरचं थोडं कडू आहे, ते लपवत नाही. पोस्टडॉक म्हणजे दोन-तीन वर्षांचं काम, मग दुसरं गाव, बऱ्याचदा दुसरा देश, मग परत. नवराबायको दोघं रिसर्चमधे असतील तर एकाच ठिकाणी दोघांना जागा मिळणं याला आमच्यात टू-बॉडी प्रॉब्लेम म्हणतात. आकाशातला दोन गोलांचा प्रश्न न्यूटनने सोडवला, हा अजून कुणाला सुटलेला नाही. कायमची जागा सगळ्यांना मिळत नाही, बरेचजण डेटा, सॉफ्टवेअर, सेन्सर, हॉस्पिटलमधलं रेडिएशन फिजिक्स अशा कामांत जातात. त्याला हरणं म्हणणारे प्रोफेसर भेटतील, त्यांचं ऐकू नकोस, त्यांना जागा मिळाली तेव्हा रांग लहान होती.

गाईड निवडणं हे विषय निवडण्याइतकंच मोठं, मी तर म्हणेन जास्तच. पाऱ्याचा रेझिस्टन्स ४.२ केल्विनच्या आसपास शून्य होतो हे १९११ मधे दिसलं तेव्हा ते मोजमाप करण्यात गिलेस होल्स्ट होते (आधी सगळ्यांना वाटलं कुठेतरी शॉर्ट सर्किट झालंय, रॅम्प विचारणारे तेव्हाही होते), पेपरवर नाव मात्र लॅबचे प्रमुख कामर्लिंग ऑनेस यांचं एकट्याचं. आता असं सहसा चालत नाही, तरी कुणाचं नाव कुठे येतं, सुट्टी मागितली तर चेहरा कसा होतो, चूक झाल्यावर आधी रॅम्प विचारतात की आधी ओरडतात, हे त्या ग्रुपमधल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलांना एकटं गाठून विचार. पहिल्या वर्षाचे खूश असतात, पाचव्या वर्षाचे चिडलेले, मधले खरं सांगतात.

आणि ब्लॅक होल? ते कुठे गेलं नाही. १४ सप्टेंबर २०१५ ला लायगोने (गुरुत्वीय लहरी पकडणारी अमेरिकेतली यंत्रणा) दोन ब्लॅक होल एकमेकांत मिसळल्याची लहर पकडली, फेब्रुवारीत पेपर आला, माझ्या कामाशी दूरचाही संबंध नाही तरी मी तो त्याच रात्री वाचायला घेतला. एक सूर्याच्या ३६ पट, दुसरं २९ पट, अंतर १३० कोटी प्रकाशवर्षं, हे सगळं दोन मिनिटांत वाचून झालं आणि मग मी तासभर नॉइजच्या ग्राफवर अडकले, कुठल्या फ्रीक्वेन्सीला कसली गुणगुण येते, चाळीस-चाळीस किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर कसे टांगलेत, यंत्राच्या चार किलोमीटर लांब हातात प्रोटॉनच्याही हजाराव्या भागाएवढी हालचाल बघायची म्हणजे किती गोष्टी आधी गप्प करायला लागल्या असतील. शाळेतल्या मला हे कंटाळवाणं वाटलं असतं.

तेव्हा आत्ता लगेच काही ठरवू नकोस. सुट्टीत दोन महिने कुठल्यातरी लॅबमधे नाहीतर थिअरी ग्रुपमधे प्रोजेक्ट मिळव, विषय कुठलाही चालेल, ब्लॅक होलच हवं असा हट्ट नको. तिथे त्यांचं लॉगबुक मागून चाळ, 'परत केलं', 'परत केलं', 'का?' असं पानोपान लिहिलेलं दिसेल, आणि ते वाचताना तुला पुढच्या पानावर काय झालं हे बघावंसं वाटतं का तेवढं बघ. माझ्या त्या रात्रीच्या पानावर तीन उद्गारचिन्हांच्या खाली गाईडच्या अक्षरात 'रॅम्प?' लिहिलंय, तो ग्राफ मी अजून फेकलेला नाही, नव्या मुलांना दाखवते आणि काय चुकलंय ते शोधायला सांगते. आतापर्यंत तिघांनी हिस्टेरिसिस म्हटलं, एकीने थर्मामीटर कुठे होता असं विचारलं.